मुक्तस्रोत प्रकल्पाचे सदस्य कसे व्हावे : बडोद्यातील मराठी वाचकांसाठी

लिब्रेऑफिसमध्ये मराठी अर्ज लिहिणारे, व्हीएलसीवर चित्रपट पाहणारे आणि फायरफॉक्समधून वीजबिल भरणारे लोक बडोद्यात कमी नाहीत. ही सॉफ्टवेअरे ज्यांच्या हातून घडतात त्यांच्यात आपणही सामील होऊ शकतो, हे मात्र त्यांतल्या फार थोड्यांच्या मनात येते. मुक्तस्रोत प्रकल्पाचा मूळ कोड सर्वांसाठी खुला असतो. तो वाचण्याची, बदलण्याची आणि बदललेली प्रत पुढे देण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असते, आणि सुधारणा सुचवण्यासाठी पदवी, नोकरी किंवा ओळख यांपैकी कशाचीही अट नसते. असे असूनही सदस्यत्व केवळ अर्ज भरून मिळत नाही. आधी काम होते, ते इतरांच्या नजरेस येते, आणि या माणसामुळे आपला भार हलका झाला असे त्यांना वाटू लागले की मग सदस्यत्वाची गोष्ट निघते. आलेला प्रत्येक बदल तपासून स्वीकारणाऱ्या व्यक्तीला मेंटेनर म्हणतात. बहुतेक प्रकल्पांत पैशापेक्षाही मेंटेनरच्या वेळेची टंचाई अधिक असते. म्हणून कोणतेही पाऊल टाकण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : माझ्या या कृतीने मेंटेनरचा वेळ वाचेल की खर्च होईल?

प्रकल्पाची निवड

आपण स्वतः रोज वापरतो तेच सॉफ्टवेअर निवडावे, असा माझा आग्रह आहे. वर्षभर वापरलेल्या साधनाच्या उणिवा आपल्याला सांगाव्या लागत नाहीत, आणि केलेली सुधारणा आपल्याच कामी येत असल्याने उत्साह टिकतो. नावाजलेला प्रकल्प पाहून केलेली निवड पुष्कळदा पहिल्या आठवड्यातच सुटते. सयाजीरावांच्या काळात 1890 मध्ये सुरू झालेल्या कलाभवनाच्या, म्हणजे आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेच्या, एखाद्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, हात घालावासा वाटणे समजण्यासारखे आहे. पण त्याने स्वतःच्या अभ्यास-प्रकल्पात जी छोटी पायथन लायब्ररी, म्हणजे इतर कार्यक्रमांत वापरायचा तयार कोड, वापरली असेल, तिच्यापासून आरंभ करणे कितीतरी फलदायी ठरेल. लिब्रेऑफिस मूळ कोडपासून बांधायला, म्हणजे त्या कोडचा चालणारा कार्यक्रम तयार करायला, साध्या लॅपटॉपवर अनेक तास लागतात. फायरफॉक्समध्ये केवळ दर्शनी भागात बदल करायचा असेल, तर आधीच बांधून ठेवलेले भाग उतरवून घेण्याची सोय आहे, तिला आर्टिफॅक्ट बिल्ड म्हणतात. छोट्या लायब्ररीला बहुधा काही मिनिटे पुरतात.

निवड पक्की करण्यापूर्वी प्रकल्प जिवंत आहे की नाही ते पाहावे. गेल्या दोन-तीन महिन्यांत बदल स्वीकारले गेले आहेत का, अनोळखी लोकांनी पाठवलेल्या बदलांना कोणी उत्तर देते का, आणि ते उत्तर सौजन्याचे असते का, हे तासाभरात कळते. योगदानाचे नियम सांगणारी फाईल आणि आचारसंहिता वाचावी. परवान्याची फाईल आहे ना, हे तर आवर्जून पाहावे. कोड उघड्यावर ठेवला म्हणजे तो मुक्तस्रोत झाला असे नाही. परवाना नसेल तर सर्व हक्क लेखकाकडेच राहतात. नोकरी करणाऱ्यांनी याच टप्प्यावर स्वतःचा नेमणुकीचा करारही काढून वाचावा. नोकरीच्या काळात लिहिलेल्या सर्व कोडवर कंपनीचा हक्क राहील, असे कलम अनेक करारांत असते, आणि तसे असल्यास लेखी परवानगी आधी घेतलेली बरी.

भाषेचे काम

बडोद्याच्या मराठी माणसापाशी एक दुर्मीळ भांडवल आहे. त्याला मराठी, गुजराती आणि हिंदी या तीन भाषा आणि देवनागरी व गुजराती या दोन लिप्या रोजच्या वापरातून येतात. सॉफ्टवेअरच्या स्थानिकीकरणात अशा माणसांची नेहमीच गरज असते, आणि या कामाला प्रोग्रॅमिंग यावेच लागत नाही. फायरफॉक्सचे भाषांतर पॉन्टून या वेबसाधनावर आणि लिब्रेऑफिसचे वेबलेटवर चालते. खाते उघडून भाषा निवडली की इंग्रजी वाक्यखंड आणि त्यांसमोर रिकामी चौकट दिसते. नव्या माणसाचे भाषांतर सहसा सूचना म्हणून नोंदले जाते आणि अधिकार असलेली व्यक्ती तपासून ते स्वीकारते.

येथेच पहिला मोह आवरावा लागतो. यंत्राकडून पाचशे वाक्ये भाषांतरित करून एका रात्रीत ओतली, तर ती तपासणाऱ्याचे अनेक रविवार खर्ची पडतात. त्याऐवजी एखादीच खिडकी निवडावी, कार्यक्रम उघडून तिच्यातली सर्व बटणे कोठे दिसतात ते पाहावे, आणि तेवढीच वीस वाक्ये काळजीपूर्वक करावीत.

मराठीच्या काही अडचणी इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाहीत, म्हणून त्या येथे सविस्तर सांगतो. भाषांतराच्या वाक्यात जागोजागी टक्केचिन्हाने सुरू होणाऱ्या खुणा असतात. कार्यक्रम चालताना तेथे नाव किंवा आकडा येऊन बसतो. मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते, पण ते कार्यक्रमाला करता येत नाही. खुणेला ‘हून’ चिकटवून ठेवले आणि तेथे बडोदा हे नाव आले, तर पडद्यावर ‘बडोदाहून’ उमटेल. त्यावर उपाय असा की प्रत्यय खुणेला लावू नये, सोबतच्या शब्दाला लावावा. ‘बडोदा येथून’, ‘बडोदा या शहरात’ अशी रचना केली की कोणतेही नाव आले तरी वाक्य शुद्ध राहते. लिंगाचेही असेच आहे. नुसते ‘काढून टाकले’ असे लिहिले की पुढे फाईल आली काय आणि फोल्डर आला काय, क्रियापद चुकण्याची शक्यता उरते. ‘अमुक ही फाईल काढून टाकली’ असे नाम घालून लिहिले म्हणजे क्रियापद त्या नामाशी जुळते. शब्दक्रमही उलटतो. ‘3 of 10’ या इंग्रजी रचनेत आधी तीन आणि मग दहा येतात, मराठीत ‘10 पैकी 3’ असे म्हणायचे असते. गेटटेक्स्ट या भाषांतराच्या प्रचलित पद्धतीच्या फायलींत टक्केचिन्हानंतर क्रमांक आणि डॉलरचे चिन्ह घालून ही अदलाबदल करता येते. नुसत्या खुणा पुढेमागे केल्या तर आकडे चुकीच्या जागी पडतात. शॉर्टकट अक्षराची खूण लिब्रेऑफिसमध्ये ~ किंवा _, आणि खिडक्या व बटणे बनवण्याच्या साधनांपैकी क्यूटीवर आधारलेल्या कार्यक्रमांत & व जीटीकेच्या कार्यक्रमांत _ अशी असते. ती कचरा समजून पुसू नये.

पारिभाषिक शब्दांच्या बाबतीत मतभेद होणारच. याच शहराने हे काम पूर्वी मोठ्या प्रमाणावर केले आहे : बडोदा संस्थानाने राज्यकारभारातील संज्ञांचा श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू हा बहुभाषी कोश 1931 मध्ये सिद्ध केला. तो प्रयत्न आदरणीय आहे आणि जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा. तरीही संगणकाच्या मेनूत ‘संचिका’ किंवा ‘धारिका’ न लिहिता ‘फाईल’च लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण कोठीच्या कचेरीत अर्ज घेऊन गेलेला माणूसही फाईलच म्हणतो. मात्र स्वतःच्या मतापेक्षा त्या प्रकल्पात आधी ठरलेला शब्द मोठा मानावा. एकाच कार्यक्रमात एका जागी ‘जतन करा’ आणि दुसऱ्या जागी ‘साठवा’ असे दिसणे हा कोणत्याही एका शब्दाच्या निवडीपेक्षा मोठा दोष आहे. भारतीय भाषांतील नेहमीच्या संगणकीय शब्दांत एकवाक्यता आणण्यासाठी फ्यूएल नावाच्या प्रकल्पाने मराठीचीही सूची केली आहे. शंका आली की तेथे पाहावे.

भाषांतर झाल्यावर ते घरातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला पडद्यावरून मोठ्याने वाचायला सांगावे. आजी किंवा काका जेथे अडखळतील तेथे वाक्य पुन्हा लिहावे. दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात कोणाच्या घरी चार-पाच जण महिन्यातून एकदा जमून असे वाचन करू शकले, तर एकट्याने केलेल्या कामापेक्षा त्याचा दर्जा निश्चित वरचा राहील.

ज्यांना टंकलेखनाचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी मोझिलाचा कॉमन व्हॉइस हा उपक्रम 2017 पासून चालू आहे. त्यात पडद्यावरील वाक्य वाचून आवाज ध्वनिमुद्रित करायचा असतो आणि इतरांचे ध्वनिमुद्रण ऐकून ते बरोबर आहे की नाही ते सांगायचे असते. मराठी त्यात आहे. बोलणे ओळखणारे सॉफ्टवेअर ज्या आवाजांवर शिकते तेच आवाज त्याला नीट कळतात, त्यामुळे बडोद्याच्या हेल असलेल्या मराठीचे नमुने त्यात जाणे माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे.

दोष कळवणे

नेमका लिहिलेला बग रिपोर्ट हे पूर्ण दर्जाचे योगदान आहे. सॉफ्टवेअरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, दोष दिसण्यासाठी क्रमाने कराव्या लागणाऱ्या कृती, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, एवढे त्यात असावे. शक्य तितकी लहान नमुना फाईल जोडावी, आणि हाच दोष कोणी आधी नोंदवला आहे का ते प्रथम शोधावे. इंग्रजी साधे असले तरी चालते. लहान वाक्ये उलट अधिक बरी पडतात.

देवनागरीच्या दोषांत आपण जी माहिती देऊ शकतो ती परक्या प्रोग्रॅमरला देता येत नाही. ‘दऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ यांतील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिता येतो : नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचे जोडचिन्ह देऊन. दोन्ही दिसतात सारखेच, पण एका प्रकाराने लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकाराने शोधला तर सापडेलच असे नाही. म्हणून कोणत्या कीबोर्डने तो टंकित केला हे रिपोर्टमध्ये अवश्य लिहावे. अक्षर चुकीचे दिसत असेल, तर दोष कोणाचा हेही आपणच आधी पाहून घ्यावे. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस ही दोन्ही अक्षरांची जुळणी हार्फबझ या लायब्ररीकडून करून घेतात. एकच फाँट सर्वत्र बिघडत असेल तर बहुधा फाँटमध्ये दोष असतो, आणि तो एकाच कार्यक्रमात बिघडत असेल तर त्या कार्यक्रमाकडे जावे. ल आणि श यांची मराठी वळणे नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये असतात, परंतु मजकुराची भाषा मराठी ठरवलेली असेल तरच ती दिसतात. एकाच पत्रात मराठी आणि हिंदी परिच्छेद लिहिणाऱ्याने दोष नोंदवण्यापूर्वी ही भाषेची निवड तपासावी.

इतरांनी नोंदवलेले दोष नव्या आवृत्तीत अजून दिसतात का हे पाहून कळवणेही तितकेच उपयोगी आहे. कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे गिट हे साधन थोडे येत असेल तर आणखी एक काम करता येते. पूर्वी चालणारी गोष्ट आता चालत नसेल, तर गिट बायसेक्ट ही आज्ञा मधला बदल निवडून देते आणि आपण तेथे दोष आहे की नाही एवढेच सांगायचे. प्रत्येक वेळी संशयित बदल निम्म्यावर येतात, त्यामुळे हजार बदलांतून दोषी बदल सुमारे दहा चाचण्यांत हाती लागतो. ‘हा दोष अमुक बदलापासून आला’ अशी नोंद करणाऱ्याचे नाव मेंटेनर विसरत नाही.

पहिला बदल

गिट हे साधन 2005 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलसाठी लिहिले आणि आज बहुतेक प्रकल्प त्यावरच चालतात. कामाचा क्रम सर्वत्र जवळजवळ सारखा आहे. गिटहबसारख्या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची स्वतःच्या खात्यात प्रत म्हणजे फोर्क करावी, ती संगणकावर उतरवावी म्हणजे क्लोन करावी, कामासाठी नवी शाखा म्हणजे ब्रँच काढावी, बदल करून तो संदेशासह नोंदवावा म्हणजे कमिट करावा, खात्यावर चढवावा म्हणजे पुश करावा आणि तो स्वीकारण्याची विनंती म्हणजे पुल रिक्वेस्ट पाठवावी. गिटलॅब वापरणारे केडीई आणि ग्नोम हे प्रकल्प तिलाच मर्ज रिक्वेस्ट म्हणतात, लिब्रेऑफिस बदल तपासण्यासाठी गेरिट ही प्रणाली वापरते आणि कर्नलचे पॅच, म्हणजे बदल, ई-मेलने जातात. नवागतांसाठी राखलेल्या कामांवर अनेक प्रकल्प ‘गुड फर्स्ट इश्यू’ अशी चिठ्ठी लावतात. तेथे ‘हे काम मला द्या’ एवढेच लिहून थांबणाऱ्यांची रांग असते. त्या रांगेत उभे राहण्यापेक्षा दोष स्वतःच्या संगणकावर घडवून पाहावा आणि आपण तो कसा सोडवू इच्छितो ते दोन वाक्यांत लिहावे.

एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच गोष्ट असावी. वाटेत दिसलेली मोकळी जागा, स्वल्पविराम किंवा न आवडलेले नाव त्याच वेळी सुधारायला घेतले की तपासणाऱ्याला मूळ बदल शोधत बसावे लागते. कमिटच्या संदेशाची पहिली ओळ पन्नासेक अक्षरांची असावी आणि खालच्या मजकुरात काय बदलले यापेक्षा का बदलले ते लिहावे, कारण काय बदलले हे कोडमध्ये दिसतेच. चाचण्या स्वतः चालवून पाहिल्याशिवाय काही पाठवू नये. कर्नलमध्ये आणि इतर अनेक प्रकल्पांत संदेशाखाली साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ लागते. हा बदल पाठवण्याचा मला हक्क आहे, अशी ती ग्वाही असल्याने ती समजून घेऊनच घालावी. लिब्रेऑफिस आपले योगदान ठरलेल्या परवान्यांखाली देत असल्याचे निवेदन एकदा लिहून मागते.

2020 च्या ऑक्टोबरमध्ये जे घडले ते प्रत्येक नवागताने ध्यानात ठेवावे. हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात चार पुल रिक्वेस्टना टी-शर्ट मिळत असे, आणि त्यासाठी असंख्य लोकांनी माहितीपत्रकांत एखादा निरर्थक शब्द वाढवून रिक्वेस्ट पाठवल्या. मेंटेनर इतके त्रस्त झाले की ज्या प्रकल्पांनी आपणहून होकार दिला असेल तेथील कामच मोजले जाईल, असा बदल आयोजकांना महिना सुरू होताच करावा लागला. आज हीच अडचण एआयने लिहिलेल्या कोडमुळे येते. जेंटू या लिनक्सवर आधारलेल्या प्रकल्पाने 2024 मध्ये अशा योगदानाला मनाई केली, तर इतर काही प्रकल्प त्याला अटींसह परवानगी देतात. नियम कोणताही असो, ज्या ओळीचे कारण विचारल्यावर आपल्याला सांगता येणार नाही ती ओळ पाठवू नये.

पत्रव्यवहार

उत्तराची घाई करू नये. कर्नलच्या मार्गदर्शिकेत स्मरणपत्र पाठवण्यापूर्वी किमान एक आठवडा थांबण्यास सांगितले आहे आणि इतरत्रही तेवढा काळ धरावा. आपल्या संध्याकाळी युरोपात दुपार असते आणि अमेरिकेत दिवस उजाडत असतो, शिवाय समोरची व्यक्ती बहुधा स्वतःची नोकरी सांभाळून हे काम करत असते. ‘रिस्पेक्टेड सर’ लिहिण्याची तेथे प्रथा नाही; नावाने हाक मारणे तेथे उद्धटपणाचे मानले जात नाही, आणि ‘सर’ लिहिलेली व्यक्ती कधीकधी स्त्री असते. पहिल्या बदलावर दहा दुरुस्त्या आल्या तर त्यात अपमान नाही. त्या लिहायला कोणीतरी अर्धा तास दिला आहे. प्रत्येक सूचनेला उत्तर द्यावे, पटत नसेल तर कारण द्यावे, आणि काम सोडायचे ठरवले तर तसे कळवावे, म्हणजे दुसऱ्या कोणाला ते उचलता येते.

विद्यार्थ्यांनी आणि पगारी काम शोधणाऱ्यांनी गूगल समर ऑफ कोड आणि आउटरीची या, मुक्तस्रोत कामासाठी मानधन देणाऱ्या उपक्रमांची नावे ऐकून ठेवावीत. पहिला उपक्रम 2005 पासून चालतो आणि 2022 पासून तो विद्यार्थी नसलेल्या नवागतांनाही खुला आहे. दोन्हींत निवड होण्यापूर्वी प्रकल्पात थोडे काम केलेले असले तर फायदा होतो.

विश्वास आणि सदस्यत्व

काही महिने नियमित काम झाल्यावर अधिकार हळूहळू मिळू लागतात. आधी दोषांच्या नोंदींची वर्गवारी करण्याची मुभा मिळते, मग भाषांतर तपासण्याची आणि शेवटी कोड थेट स्वीकारण्याची. गणेशोत्सव मंडळात नव्या मुलाच्या हाती पहिल्याच वर्षी वर्गणीचे पावतीपुस्तक देत नाहीत, त्यातला हा प्रकार आहे. या सावधगिरीचे कारण 2024 च्या मार्चमध्ये जगाला दिसले. एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनात एका व्यक्तीने दोनेक वर्षे उपयुक्त काम करून, थकलेल्या एकट्या मेंटेनरचा विश्वास मिळवला आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदार, म्हणजे बाहेरच्याला गुपचूप आत शिरता येईल असा कोड, बसवले. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला किंचित जास्त वेळ लागतो असे जाणवले, म्हणून ते उघडकीस आले. त्यामुळे आपल्याला अधिकार उशिरा मिळाला तर वाईट वाटून घेऊ नये, आणि मिळाल्यावर खात्याचा पासवर्ड व दुहेरी पडताळणी यांत हयगय करू नये.

औपचारिक सदस्यत्व प्रत्येक संस्थेत निराळे असते. 1993 मध्ये सुरू झालेल्या डेबियन या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पात आधीच्या सदस्याने शिफारस करावी लागते, ओळखीची सांकेतिक किल्ली इतरांकडून प्रमाणित करून घ्यावी लागते आणि प्रकल्पाची तत्त्वे व कामातील कौशल्य यांविषयीच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. पॅकेज (स्थापित करण्याजोगे सॉफ्टवेअर) न बांधणारे, म्हणजे भाषांतर, लेखन किंवा आयोजन करणारे लोकही तेथे मताधिकारासह पूर्ण सदस्य होऊ शकतात आणि दरवर्षी प्रकल्पप्रमुख निवडतात. ग्नोम फाउंडेशन आणि लिब्रेऑफिसमागील द डॉक्युमेंट फाउंडेशन येथेही केलेले काम दाखवून अर्ज करायचा असतो आणि निवडून आलेले मंडळ कारभार पाहते. अर्जासोबत आपल्या बदलांचे, नोंदींचे आणि भाषांतरांचे दुवे द्यावे लागतात, म्हणून पहिल्या दिवसापासून सर्व काम एकाच नावाने आणि एकाच ई-मेल पत्त्यावरून करावे व त्याची यादी ठेवावी.

सदस्य झाल्यावर दर महिन्याला थोडा वेळ नवागतांचे काम तपासण्यासाठी राखून ठेवावा. परीक्षा, बदली किंवा घरातील आजारपण यांमुळे काम थांबणार असेल, तर तसे आधी कळवावे, अर्धवट राहिलेल्या गोष्टींची स्थिती लिहून ठेवावी आणि जबाबदारी घेऊ शकेल अशा व्यक्तीचे नाव सुचवावे. थांबणे कायमचे असेल, तर तपासणीचे आणि स्वीकारण्याचे अधिकार स्वतःहून परत करावेत. डेबियनमध्ये अशा निवृत्त सदस्यांसाठी मानाचा वेगळा दर्जा आहे आणि पुढे परत येण्याची वाटही मोकळी ठेवलेली आहे.